कोरा ठेवलेला रकाना

कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचण्याआधीच अर्धं कळलं. शाळेचा शिपाई ते टेबलावर न ठेवता माझ्या हातात देऊन बाजूला उभा राहिला. ‘किसनराव मंगळवारी सकाळी वारले. कचेरीत जायला निघाले होते, ओट्यावर बसून चपला पायात घालत होते, ते उठलेच नाहीत. येत्या रविवारी पुण्यानुमोदन आहे. यावे.’ खाली काकूंच्या भाच्याची सही. घंटा झाली होती म्हणून मी वर्गात गेले आणि चौथीच्या मुलींना भागाकार शिकवला. एक मुलगी म्हणाली, “बाई, हे उदाहरण मघाशीच झालं.” रजेच्या अर्जावर हेडबाईंनी लिहून विचारलं, मयत व्यक्ती तुमची कोण? मी ‘काका’ लिहिलं. रक्ताचं काही नव्हतं, पण दोन दिवसांची रजा मिळण्याइतकं नातं नक्की होतं. त्याला आता दीड महिना झाला. काकांच्या घरी जाऊन आले, अकोटलाही जाऊन आले, आणि जे लिहायचं टाळत होते ते लिहायला आज बसले आहे.

किसन अंभोरे अकोल्याच्या कचेरीसमोर बसणारे अर्जनवीस होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज, तक्रारी, दाखल्यांच्या मागण्या ते लिहून देत. कडुनिंबाखाली गोणपाट अंथरलेलं, पुढ्यात उतरतं लाकडी मेज, शाईची दौत, आणि अक्षर असं की साहेब मजकूर वाचण्याआधी अक्षराकडे बघत. मूळचे ते अकोटचे, आमच्याच वस्तीतले आणि माझ्या बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. दर रविवारी पहिल्या मोटारीनं ते अकोटला येत आणि वस्तीतल्या कुठल्या तरी एका पोराला किंवा पोरीला घेऊन बसत. एकालाच. हा त्यांचा कायदा होता. ज्याला हातात घेतलं त्याला नोकरी लागेपर्यंत किंवा शाळेत, ट्रेनिंगला जागा मिळेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे ते बघत नसत. बाकीचे आईबाप नाराज होत, काही तर घालूनपाडून बोलत. एकदा एक म्हातारी त्यांच्या अंगावर धावून गेली होती, माझ्या नातवानं काय पाप केलं म्हणून. काका म्हणाले, “माय, दहा पोरायले एकेक बोट देल्लं तं कोनीच चढत नाई. एकाले हात देतो, तो वर गेला का तुह्या नातवाले देतो.” म्हातारीला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कधी पूर्ण पटलं नाही. थांबलेल्यांतली काही मुलं थांबून थांबून रेल्वेच्या खडीवर गेली.

पण ज्याला ते हातात घेत त्याच्यासाठी काय करत, ते मी जवळून पाहिलं आहे. शेजारच्या चहावाल्याकडून एक खुर्ची मागून आणत. उमेदवारानं खुर्चीवर बसायचं आणि साहेब झालेले काका समोर जमिनीवर. आमच्या वस्तीतल्या कुठल्याही पोरानं तोवर कुणा साहेबासमोर खुर्ची वापरलेली नव्हती, आणि मुलाखतीत अर्धी माणसं तिथंच पडतात असं काकांचं ठाम मत होतं. “साहेब बस म्हनतीन. मंग?” “बसीन.” “बस ना मंग! अर्ध्याच खुर्चीवर काहून बसली? बाकीची अर्धी कोनासाठी ठेवली?” आम्ही हसायचो, ते हसत नसत. चहा दिला तर कप कुठं धरायचा, नाव विचारलं की खाली का बघायचं नाही, उत्तर येत नसेल तर “येत नाही” हे दोन शब्द किती सरळ आवाजात म्हणायचे, याच्या तालमी महिनोन्महिने चालत. मुलाखतीच्या दिवशी ते स्वतःचं काम बुडवून सोबत जात आणि बाहेर व्हरांड्यात बसून राहत. असे त्यांनी लावून दिलेले लोक आज पोस्टात आहेत, रेल्वेत आहेत, एकजण अमरावतीला इस्पितळात कंपाउंडर आहे.

नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आमची अख्खी वस्ती गेली होती. परत आल्यावर बाबांनी घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले. जातीचं ते जुनं नाव घरात कुणी उच्चारायचं नाही, हे बाबांनी सांगितलं आणि आम्ही पाळलं. काकांच्या अंगात तर नवं वारं शिरलं होतं. अर्ज कसलाही असो, जातीच्या रकान्यात ते ठळक, गोल अक्षरात ‘बौद्ध’ लिहीत आणि शाई वाळेपर्यंत त्याकडे बघत बसत. आणि इथंच आम्हा सगळ्यांची फसगत झाली. राखीव जागा, विद्यावेतन, वसतिगृह हे सगळं जुन्या नावाला होतं. नव्या नावाला तेव्हा काहीच नव्हतं. गावानं आमची विहीर वेगळीच ठेवली होती, हॉटेलातली आमची कपबशी वेगळीच होती, गावाच्या लेखी आम्ही काल होतो तेच होतो. सरकारी कागदावर मात्र एका दिवसात आमचं सगळं मागासलेपण धुऊन निघालं होतं! पुढं काही वर्षांनी, नवा महाराष्ट्र झाल्यावर, राज्यानं त्या सवलती परत दिल्या. पण वयाला ही वर्षं कुठं थांबवता येतात?

काकांनी तेव्हा हातात घेतलेली मुलगी होती पंचफुला. माझ्याहून एका वर्षानं मोठी, आमच्या घराच्या मागच्या ओळीत राहणारी, माझी मैत्रीण. हुशार म्हणजे किती, तर मला न येणारी गणितं ती विहिरीवर पाणी भरता भरता तोंडी सोडवून सांगायची आणि वर “डोकं घरी ठेवून येते का वो?” असं विचारायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं. अमरावतीच्या एका अध्यापिका विद्यालयासाठी (नाव सांगत नाही, आज तिथं वेगळी माणसं आहेत) काकांनी तिचा अर्ज भरला आणि वर्षभर तिची तालीम घेतली. मुलाखतीसाठी तिच्या आईनं तिला नव्या चपला घेतल्या, ती सवय व्हावी म्हणून आठवडाभर त्या घालून वस्तीत फिरली. मुलाखत उत्तम झाली. साहेबानं पाठ थोपटली म्हणे. मग ऑफिसातला कारकून अर्ज घेऊन बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. तो काकांना म्हणाला, “अहो, या नोंदीला सवलत नाही. सवलतीशिवाय जागा नाही आणि वसतिगृहही नाही. यादी अजून लागायची आहे. हे खोडा, जुनं लिहा, मी थांबतो.” त्यानं अर्ज पंचफुलाच्या हातात दिला आणि स्वतःचं पेन पुढं केलं. पंचफुलानं काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्या हातातला अर्ज घेतला आणि म्हणाले, “नाई साहेब. जे हाय तेच लिवलं.”

त्या आठवड्यात आमच्या वस्तीत काकांचाच जयजयकार होता. बुद्धविहारासाठी आखून ठेवलेल्या मोकळ्या जागेत माणसं जमली, किसन अंभोऱ्यानं मान झुकवली नाही म्हणून भाषणं झाली, बाबांनी त्यांना मिठी मारली. मीही टाळ्या वाजवल्या, ते लपवत नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी पंचफुलाला विचारलं, काय काय विचारलं गं साहेबानं? ती म्हणाली, “सोपं होतं सारं.” तेवढंच. पुढच्या सोमवारपासून ती जिनिंगमध्ये जायला लागली. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, बायका ओळीनं उभ्या राहून कापूस लोटतात आणि सरकी खाली पडते, त्या ओळीत. हंगाम होता, बाया हव्याच होत्या. तिथं कुणी तिला जात विचारली नाही.

काका मात्र तेव्हापासून बदलले. चार-पाच रविवार ते अकोटला आलेच नाहीत. आले ते थेट आमच्या घरी. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. ते बाबांना म्हणाले, “पंचीचं झालं नाई अजून. पन शांतीचं वय निघून जाईन. तिले घेतो.” स्वतःचा कायदा मोडताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं. माझी तालीम सुरू झाली. तीच खुर्ची, तेच प्रश्न, तेच विद्यालय. मी पंचफुलाच्या निम्म्यानंही हुशार नव्हते, हे काकांना माहीत होतं आणि मला तर होतंच.

अर्ज भरायचा दिवस मी विसरणार नाही. आमच्या अंगणात बाज टाकलेली, बाबा तिच्यावर, काका खाली मेज घेऊन. त्यांनी माझं नाव लिहिलं, बाबांचं नाव लिहिलं, जन्मतारीख, गुण... आणि जातीच्या रकान्याशी आल्यावर टाक उचलला आणि पुढच्या रकान्यात टेकवला. शेवटची ओळ झाली तेव्हा तो एकच रकाना पांढरा राहिला होता. त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला.

“हा तू भर.”

“काय लिवू काका?”

“मले इचारू नको.”

बाबा बाजेवरून म्हणाले, “पंचीच्या येळी तं हात मस्त चालला होता रे किसन्या. माह्या पोरीच्या येळी काय झालं?” काका खालीच बघत होते. “चालला होता,” ते म्हणाले, “म्हनून तं थांबला.” बाबा उठून बाहेर निघून गेले. आतून कांडणाचा आवाज येत होता, तोही बंद पडला, म्हणजे माय ऐकत होती. मला अमरावतीला जायचं होतं. मला जिनिंगमध्ये जायचं नव्हतं. यापलीकडे माझ्या डोक्यात तेव्हा कसलाही मोठा विचार नव्हता, आणि असल्याचं आज सोंग आणणार नाही. मी काकांच्या टाकानं तिथं जुनं नाव लिहिलं. तीन अक्षरं. माझं अक्षर त्यांच्या अक्षराशेजारी फार वाईट दिसत होतं.

पण नुसतं लिहून भागत नव्हतं, दाखला लागत होता, आणि त्यासाठी बापानं तहसिलीत उभं राहणं भाग होतं. बाबा येणार नाहीत असं मी धरून चालले होते. मायनं त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. ठरलेल्या दिवशी ते पांढरं धोतर नेसून तयार होते. कारकुनानं मान वर न करता विचारलं, “जात?” बाबांनी धोतराचा सोगा सारखा केला. कारकुनानं पुन्हा विचारलं. बाबांनी घसा साफ केला आणि घरात ज्या शब्दाला त्यांनी बंदी घातली होती तो शब्द, माझ्यासमोर, रांगेतल्या दहा माणसांसमोर, मोठ्यानं उच्चारला. कारकुनाला तो पहिल्यांदाच ऐकू गेला होता, तरी बाबांनी तो परत एकदा सांगितला. घरी येताना ते माझ्या दहा पावलं पुढं चालत होते. त्यानंतर त्यांनी काकांना पुन्हा घरात बोलावलं नाही. चाळीस वर्षांची दोस्ती त्या एका रकान्यात बुडाली.

जागा मिळाली. निघायच्या दिवशी मोटार स्टँडवर पंचफुला आली, जिनिंगमधून सरळ, केसांत कापसाचे तंतू तसेच. तिनं फडक्यात गुंडाळलेल्या चपला माझ्या हातात दिल्या. “अमरावतीले पायात लागते काई तरी,” ती म्हणाली, “मले कुठं जायाचं हाय?” त्या मला बरोबर बसल्या. ट्रेनिंगची दोन्ही वर्षं मी त्या वापरल्या. तिला मी सुरुवातीला दोन पत्रं पाठवली, तिसरं लिहायला घेतलं आणि लिहिण्यासारखं काही सुचेना. मी काय लिहिणार होते? आज पाठ कसा घ्यायचा ते शिकवलं, उद्या मुलींबरोबर अंबादेवीच्या बाजूला फिरायला जाणार आहे? पुढं नोकरी लागली, सुट्टीला अकोटला येणं व्हायचं, तेव्हा मी जिनिंगकडचा रस्ता टाळायची. तिचं लग्न बाजारातल्या एका हमालाशी झालं, मुलगी झाली, हे मायकडून कळत होतं. लग्नाला माझी परीक्षा होती, बारशाला शाळेची तपासणी. कारणं खरी होती, पण ती नसती तरी मी गेले नसते.

काकांवरचा राग मात्र मी नीट जपून ठेवला होता. सतरा वर्षांच्या पोरीच्या हातात टाक देऊन स्वतः मोकळं व्हायचं, याला काय म्हणायचं? चार वर्षांमागं ते अमरावतीला माझ्या शाळेत आले. कंपाउंडर झालेल्या त्यांच्या जुन्या उमेदवाराकडे काही काम होतं. मधल्या सुट्टीत मी त्यांना ऑफिसात बसवलं आणि चहा येण्याआधीच भांडायला सुरुवात केली. म्हटलं, “काका, पंचीच्या वेळी तुम्ही शूर झालात आणि माझ्या वेळी मुके. दोन्ही वेळा भोगलं आम्हीच.” त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्या दिवशी कारकुनानं पेन पुढं केला तवा पंचीनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं, पोरगी हिंमत मांगून राहिली. म्हनून मी बोललो. ते हिंमत मांगत होती का पेन मांगत होती... मी इचारलंच नाई, शांते.” मी म्हटलं, मग मला तरी सांगायचं होतं, काय लिहू ते. त्यावर ते पहिल्यांदा थोडं हसले. “सांगितलं असतं तरी तू भांडलीच असती.” ते खरं होतं. पण मी तसं म्हटलं नाही, मी घंटा झाली म्हणून उठले. त्यांचा चहा तसाच राहिला. तीच आमची शेवटची भेट... आणि माझ्या बाजूनं ती अशी झाली.

पुण्यानुमोदनाला अकोल्याच्या घरासमोर मांडव पुरला नाही. त्रिशरण, पंचशील झालं आणि मग एकेक जण उठून बोलायला लागला. पोस्टातला बोलला, रेल्वेतला बोलला. सगळ्यांचं सुरुवातीचं वाक्य एकच, “काकांनी मला हातात घेतलं तेव्हा...” मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि काहीच न बोलता बसले. लोकांना वाटलं, बाईंना हुंदका आला. बाबाही आले होते. ते मागं, उन्हात, मांडवाबाहेर उभे होते, शेवटपर्यंत आत आले नाहीत आणि शेवटपर्यंत गेलेही नाहीत. नंतर काकू मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “पंचफुला येऊन गेली. जिनिंगची पाळी होती म्हने दुपारची. तुहीच वाट पाहून राहिली होती.”

पुढच्या सुट्टीला मी अकोटला गेले. एसटीतून उतरून, वस्तीतून न जाता, जिनिंगच्या रस्त्यानं. पंचफुला दारात बसून तांदूळ निवडत होती. किती थोराड दिसते, असं मनात आलं आणि लगेच लक्षात आलं की ती माझ्याहून एकाच वर्षानं मोठी आहे. “ये,” ती म्हणाली, जशी मी काल येऊन गेले होते. तिच्यासमोर माझी शाळेतली भाषा आपोआप गळून पडली. आत तिची मुलगी पाटीवर काहीतरी लिहीत होती. चहा झाल्यावर पंचफुलानं बाजेखालून पत्र्याची पेटी ओढली आणि एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. छापील अर्ज होते. काही अध्यापिका विद्यालयाचे, काही बाहेरून मॅट्रिकला बसायचे, एक नर्सच्या ट्रेनिंगचा. प्रत्येकावर तिचं नाव, काकांच्या त्या गोल अक्षरात, लग्नानंतरचं आडनावही न चुकता बदललेलं. बाकीचे रकाने मोकळे. सगळ्यात खालचा कागद पिवळा पडला होता आणि सगळ्यात वरच्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“दरसाल आनत,” ती म्हणाली. “इथं बसत. जवारीची भाकर मांगून खात. मंग म्हनत, भरते का? मी म्हनो, पुढच्या साली पाहू.”

मी त्या कागदांवरून हात फिरवत राहिले. शेवटी, इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं मी विचारलं. “पंचे, त्या दिवशी काकांनी तुले इचारलं असतं, तं तू काय लिवलं असतं?”

ती हसली. “तुले बी तेच पाह्यजे? थे बी जाता जाता तेच इचारत. दरसाल.”

“मंग? काय सांगितलं तू?”

“काई नाई सांगितलं.” तिनं माझ्या हातातून अर्ज घेतले, कडा जुळवल्या आणि पेटीत परत ठेवले. “सांगून देल्लं असतं तं पुढच्या साली कायले आले असते? कोनी तं येत होतं, शांते. तू तं आलीच नाई.”